एका माणसाची रयत

सरकारी नोकराने रविवारी काय करावं, याबद्दल सेवानियमांत एक अक्षरही लिहिलेलं नाही. ही गंभीर त्रुटी मोठ्या साहेबांच्या लक्षात आली आणि तिथूनच मध्ययुगाला सुरुवात झाली.

साहेबांना मध्ययुगाचा नाद कसा लागला, हे नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे डॉक्टरांनी एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं होतं. कुणी म्हणे घरी त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. एवढं मात्र खरं, की एक दिवस त्यांच्या दालनात एक लांबलचक खोकं आलं, शिपायांनी ते फोडलं आणि आतून नखशिखांत लोखंडी चिलखत निघालं. साहेबांनी ते अंगावर चढवलं, आरशात पाहिलं आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. राजा तर तयार झाला. आता राज्य हवं होतं आणि राज्याला माणसं लागतात. माणसं साहेबांच्या हाताखाली ढीगभर होती.

लगेच परिपत्रक निघालं. इतिहास पुस्तकं वाचून कळत नाही, तो अंगावर घ्यावा लागतो. सबब 'मध्ययुग पुनर्जीवन मंडळ' स्थापन करण्यात येत असून सर्व कर्मचाऱ्यांनी दर रविवारी कार्यालयामागच्या मैदानावर मध्ययुगात हजर राहावे. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. न येणाऱ्यांनी कारण लेखी कळवावे.

हे परिपत्रक सगळ्या विभागांना ज्याने पाठवलं, त्याचीच ही गोष्ट. कार्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्याच्या टेबलावरून, त्याचा शिक्का खाऊन जायचा. त्या जावक टेबलावर तो इतकी वर्षं बसला होता, की लोक त्याचं नाव विसरून गेले होते. सगळे त्याला 'जावक'च म्हणत. "जावक, चहा घेतोस का?" "आज जावकचं डोकं दुखतंय." शिक्का मारून मारून त्याच्या उजव्या हाताला एक सवयच जडली होती. मन अस्वस्थ झालं की मूठ वळायची आणि समोर टेबल असो वा नसो, ठाप ठाप करत खाली आपटायची. झोपेतसुद्धा. बायकोने म्हणून मधे एक लोड ठेवला होता.

पहिली सभा झाली भूमिका वाटपाची. राजा ठरलेलाच होता. लेखा विभागाचे प्रमुख उत्तरेचे सरदार झाले, आस्थापनावाले दक्षिणेचे. मग लघुलेखक सरदार झाला, वाहनचालक सरदार झाला, रजेवर असलेल्यांना त्यांच्या अनुपस्थितीत सरदारकी देण्यात आली. दिशा संपल्या तेव्हा आग्नेय आणि वायव्य काढण्यात आल्या. सगळे एकमेकांना मुजरे करत होते आणि वातावरण फार उंची होतं.

तेवढ्यात पुरावाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. या बाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. साहेबांनी त्यांना मंडळाच्या प्रामाण्य समितीच्या अध्यक्षा नेमलं होतं. खरं म्हणजे बाईच सगळी समिती होत्या. मध्ययुगात जे नव्हतं ते मैदानावर येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम, आणि कुणी काहीही बोललं की "पुरावा आहे?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्यावरून त्यांचं ते नाव पडलं.

"एवढे सरदार जगतात कशावर?" बाईंनी विचारलं. "खाली रयत लागते. नांगरणारी, कर भरणारी, वेठबिगार. नुसत्या सरदारांच्या राज्याला पुरावा नाही."

साहेबांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "रयत व्हायला कोण तयार आहे?"

नेमका त्याच वेळी जावकचा हात वर गेला. त्याला फक्त पंखा जरा कमी करा असं सांगायचं होतं, त्याच्या पुढ्यातले कागद उडत होते. पण शंका विचारायला हात वर करायची पद्धत त्या कार्यालयात कधी पडलीच नव्हती. वर गेलेला हात म्हणजे होकार आणि न गेलेला हात म्हणजे मूक होकार, एवढाच अर्थ तिथे सगळ्यांना माहीत.

"शाबास!" साहेब म्हणाले. सरदारांनी टाळ्या वाजवल्या. जावक उभा राहिला आणि "आभारी आहे" म्हणाला. काय करणार, तोंडातून तेच बाहेर पडायची सवय!

तर अशा रीतीने तो एकटाच त्या राज्याची सगळी प्रजा झाला. त्याला अंगात घालायला एक गोणपाट मिळालं आणि मैदानाच्या कोपऱ्यात, ड्रेनेजच्या झाकणाजवळ, राहायला गवताचं एक खोपट मिळालं. हेच गाव. रविवारी सकाळी उत्तरेचे सरदार येऊन गाव लुटायचे. दुपारी दक्षिणेचे सरदार गाव मुक्त करायचे आणि मुक्त करता करता उत्तरेकडून जे लुटायचं राहिलं असेल ते घेऊन जायचे. लुटायला गाव एकच आणि सरदार इतके, तेव्हा खोपटासमोर रांग लागू लागली. रांगेत भांडणं झाली. मग टोकन पद्धत आली. गाव लुटताना बायकांचा आक्रोश ऐकू यायला हवा, असं पुरावाबाईंचं मत पडलं. तेव्हा जावक नांगर बाजूला ठेवून आक्रोशही करू लागला. एकाच आवाजातला आक्रोश खोटा वाटतो, म्हणून दोन आवाजांत करू लागला. जेवणाच्या सुट्टीआधी तो साथीच्या रोगाने मरायचा आणि सुट्टी संपली की कर भरायला परत उभा राहायचा.

पहिल्याच रविवारी बाईंनी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"अहो बाई, त्याच्याशिवाय मला हाताची बोटं दिसत नाहीत."

"वेठबिगाराला चष्मा होता याचा पुरावा आहे?"

"नाही, पण..."

"मग विषय संपला."

त्याच वेळी पलीकडे राजेसाहेबांच्या चिलखतातून घुर्र घुर्र आवाज येत होता. आत छोटा पंखा बसवलेला होता, बॅटरीवरचा. जावकने भीत भीत तिकडे बोट दाखवलं. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, "राजाच्या चिलखतात पंखा नव्हता, याचा पुरावा कुठे आहे?"

इतिहासाची ही पद्धत जावकला तेव्हा कळली. खालच्या माणसाने होतं याचा पुरावा द्यायचा आणि वरच्याकडे नव्हतं याचा पुरावाही खालच्याच माणसाने द्यायचा. या नियमाने राजाकडे मोबाईल आला, सरदारांच्या छावणीत थंड पाण्याचं यंत्र आलं आणि जावकच्या पायातल्या चपला गेल्या.

घरी तो अनवाणी, चिखलाने माखून, दोन्ही आवाज बसलेले असा परतायचा. बायको दारातच त्याला थांबवायची. आधी पाय, मग घर.

"काय मिळतं हो तुम्हाला यात?" ती बादली ओतत म्हणायची.

"अगं, इतिहास कळतो. प्रत्यक्ष अनुभव असतो."

"डोंबलाचा अनुभव! सोमवार ते शनिवार तुम्ही तेच करता. रविवारी फक्त गोणपाट घालून करता, एवढाच काय तो फरक."

"साहेबांना नाही कसं म्हणायचं?"

"तोंड उघडायचं आणि म्हणायचं. मला म्हणता की दिवसातून दहा वेळा!"

यावर त्याची मूठ तेवढी मांडीवर ठाप ठाप वाजायची.

खरी अडचण वेगळीच होती. त्यांची मुलगी चिंगी, वय वर्षं अकरा, जीभ वय वर्षं चाळीस, हिने पहिल्याच रविवारी विचारलं होतं, "बाबा, तू कोण झालास?" आणि जावकच्या तोंडून निघून गेलं, "सरदार."

"कुठला?"

"पूर्वेचा." पूर्वेचे सरदार तेव्हा रजेवर होते.

माणूस आयुष्यात काही कमी खोटं बोलत नाही, पण हे खोटं बोलताना त्याला जे सुख झालं ते काही औरच. चिंगीचे डोळे एकदम मोठे झाले. आपल्याकडे कुणी असं बघितलेलं त्याला आठवत नव्हतं. बायको त्या वेळी भाजी चिरत राहिली. नंतर मात्र म्हणाली, "निस्तरा आता तुमचं तुम्ही."

चिंगीने ही बातमी शाळेत पोचवली. पूर्वेच्या सरदाराच्या मुलीला पहिल्या बाकावर जागा मिळाली. तिच्या इतिहासाच्या सरांचा नेमका मध्ययुगाचाच धडा शिकवायचा राहिला होता, आणि राहिलेला धडा शिकवण्यापेक्षा त्याची सहल काढणं केव्हाही सोपं. त्यांनी मंडळाला फोन केला. साहेबांना कल्पना भयंकर आवडली. नुसता एक वर्ग कशाला, सगळ्यांनाच बोलावू, प्रजेला राजा दिसू दे! झालं. लोकदिन ठरला. गावभर फलक लागले. विद्यार्थ्यांना सहभागाचे गुण मिळणार होते आणि चिंगी येता-जाता विचारत होती, "बाबा, तुझा घोडा कुठल्या रंगाचा?"

जावकची झोप उडाली. त्याला राज्य नको होतं, सरदारकीसुद्धा नको होती. एक दिवस, अगदी अर्धा तास, मुलीसमोर घोड्यावर बसायला मिळालं की त्याचं भागणार होतं. मग आयुष्यभर लुटा, काही म्हणणं नाही.

पुढच्या रविवारी भर दरबारात तो गुडघ्यांवर बसला. वेठबिगाराने उभं राहून बोलल्याचा पुरावा नव्हता.

"महाराज, एक विनंती होती."

"बोल, बोल." साहेबांचा पंखा चालू होता, त्यामुळे मन प्रसन्न होतं.

"लोकदिनी... म्हणजे तेवढ्यापुरता... मला एखादा घोडा मिळाला असता, तर बरं झालं असतं. माझी मुलगी येणार आहे."

सरदारांत हशा पिकला. वाहनचालक, जो आता वायव्येचा सरदार होता, तो तर पोट धरून हसला. पुरावाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मान वर केली आणि जावककडे अशा नजरेने बघितलं, की जणू बऱ्याच दिवसांपासून शोधत असलेली वस्तू त्यांना आज सापडली असावी.

"बघू," साहेब म्हणाले.

जावक जवळजवळ पळतच घरी गेला. "बघू म्हणाले! नाही म्हणाले नाहीत!"

बायकोने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं त्या टेबलावर बसून तुम्हाला अजून 'बघू'चा अर्थ कळला नाही? धन्य आहे तुमची!"

पण बोलली ती बोलली आणि रात्री जेवणं झाल्यावर तिने बाहेरच्या खोलीतला लाल पडदा काढला. पिवळ्या फुलांचा, काठाशी थोडा विटलेला. त्याचा तिने सरदारी झगा बेतला, गळ्याशी बांधायला नाडी लावली आणि घडी करून त्याच्या पिशवीत ठेवला. "बसवलंच घोड्यावर, तर निदान शोभा नको," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी चिंगीने पडदा कुठे गेला म्हणून विचारलं, तर दोघंही म्हणाले, धुवायला टाकलाय.

इकडे मंडळाची बैठक बसली होती. लोकदिनाला जनतेला काय दाखवावं, हा प्रश्न होता. अंगावर चिलखतं चढवून लढाई करायला एकही सरदार तयार नव्हता, उन्हाचे दिवस होते. तेव्हा मध्ययुगीन शिक्षा दाखवावी असं ठरलं. लाकडी खोडा करायचा, दोन फळ्यांचा, त्यात गुन्हेगाराची मान आणि हात अडकवायचे आणि जनतेने त्याला मारायचं. टोमॅटो मारावेत अशी सूचना आली, ती बाईंनी जागच्या जागी फेटाळली. टोमॅटो तिकडे विलायतेत त्या काळी कुणी पाहिलेलाच नव्हता. सलगम चालेल, त्याला पुरावा आहे. सलगम म्हणजे मुळ्याचा जाडा भाऊ. टोमॅटो अंगावर पडला की फुटतो. सलगम फुटत नाही.

"पण गुन्हेगार कोण?" साहेबांनी विचारलं. सरदार गुन्हा करत नाहीत, हे उघड होतं.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "वेठबिगाराने राजाकडे घोडा मागितला. भर दरबारात, सगळ्यांसमक्ष. इतका पक्का पुरावा मला माझ्या उभ्या कारकिर्दीत मिळाला नव्हता."

खोडा तयार झाला. एकच अडचण आली. अग्निशमन खात्याचा अधिकारी पाहणीला आला आणि म्हणाला, माणसाला कुलपात अडकवता येणार नाही, आग लागली तर जबाबदार कोण? परवानगी हवी तर खोड्याला कुलूप नको, कडी नको. वरची फळी नुसती ठेवायची. बाईंनी पुष्कळ वाद घातला, मग तसंच ठरलं. कुलूप काढून टाकलं. जावकला ते समजावूनही सांगितलं, कारण सुरक्षेची माहिती संबंधितांना देणं बंधनकारक होतं. "फळी उघडीच आहे, नुसती मान वर केली की निघते," मंडळाचे कार्यवाह म्हणाले. "फक्त पाच वाजेपर्यंत वर करू नकोस, साहेबांना आवडणार नाही." जावक "बरं" म्हणाला.

लोकदिनी तो पहाटेच उठून पिशवी घेऊन मैदानावर गेला. त्याला अजूनही वाटत होतं, की ऐनवेळी 'बघू'चं काहीतरी होईल. पुरावाबाईंनी पिशवी तपासली. लाल रंग सरदाराच्या खालच्याला चालत नाही, म्हणून पडदा जप्त झाला. तेवढ्यात भाड्याने आणलेला पांढरा घोडा आला. त्याच्या पाठीवर टाकायला काहीतरी भारी कापड हवंच होतं.

दहाच्या सुमाराला माणसांची नुसती रीघ लागली. लोक आले, मुलं आली, फोन वर झाले. जावक मान आणि दोन्ही हात फळीत घालून वाकून उभा होता. चष्मा नसल्यामुळे समोर रंगीत ठिपके हलत होते, आणि अचानक एक ठिपका मोठा होऊन नाकावर आपटायचा, तेव्हा कळायचं की तो सलगम होता. लोकांना फार आवडलं. एका बाईंनी आधी "अगंबाई, बिचारा!" म्हटलं, मग लेकराच्या हातात सलगम दिला आणि त्याचा फोटो काढला. एक गृहस्थ कपाळ चुकवून नेमका कानावर मारत होते. तिसऱ्यांदा रांगेत आले तेव्हा म्हणाले, आठवडाभराचा शीण गेला. सरदार कडेला सावलीत उभे राहून गर्दीला इतिहास समजावत होते.

मग शाळेची बस आली. जावकला ती दिसली नाही, पण आवाज ऐकू आला. चाळीस मुलांच्या गलक्यात बापाला आपलं एकच पोर ऐकू येतं.

"सर! सर! तो बघा आमचा पडदा!"

राजेसाहेब घोड्यावरून येत होते. शिरस्त्राणाची झडप तोंडावर ओढलेली, खाली घोड्याच्या पाठीवर पिवळ्या फुलांचा लाल पडदा. चिंगीला दुसरा कसला पुरावा हवा होता? "बाबा! अरे, माझा बाबा सरदार नाही, राजा झालाय! आम्हाला चकवायला सांगितलं नाही त्याने!" असं ओरडत ती दोरी ओलांडून घोड्याकडे धावली. सगळा वर्ग टाळ्या पिटायला लागला. खोड्यात जावकच्या उजव्या हाताची मूठ वळली.

झडप वर झाली. "कोण गं तू?" साहेबांनी विचारलं.

चिंगी दोन पावलं मागे सरली. मुलं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "थापाडी!" ती लालबुंद होऊन इकडेतिकडे बघू लागली, एकेका सरदाराच्या तोंडाकडे. आणि मग तिला तो आवाज ऐकू आला. ठाप. ठाप. ठाप. खोड्याच्या फळीवर एक मूठ आपटत होती.

सरांना यातलं काहीच कळलं नव्हतं. ते रांग लावत होते. "चला, प्रत्येकाने एकेक मारायचा. सहभागाचे गुण आहेत. चिंगे, तुझं राहिलंय, हा घे सलगम."

तिने सलगम हातात घेतला आणि खोड्यासमोर जाऊन उभी राहिली. जावकला समोर फक्त एक निळा ठिपका दिसत होता, शाळेच्या गणवेशाचा. त्याने मान खाली घातली. मनात म्हणत होता, मार गं बाई, मार आणि जा, ओळखू नकोस.

"हे माझे बाबा आहेत," चिंगी मोठ्याने म्हणाली.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. काय काम करते मुलगी! कुठून आणली? पुरावाबाई मात्र लगबगीने पुढे आल्या. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "राजेसाहेब, याची नोंद घ्यावी लागेल. वेठबिगाराचं मूल जन्मतः वेठबिगार. याला तर भरपूर पुरावा आहे!"

"म्हणजे हीसुद्धा?" साहेबांनी विचारलं.

"नियमाने हीसुद्धा. दर रविवारी."

"लहान मापाचं गोणपाट आहे का?"

होतं. कार्यालयात काही वेळेवर मिळत नाही, पण ते मिळालं. सरांनी खात्री करून घेतली की याचे जास्तीचे गुण देता येतील.

जावकने मान उचलली. फळी मानेवर किंचित वर सरकली. आता हा माणूस बोलणार, असं त्याला स्वतःलासुद्धा वाटलं. त्याने तोंड उघडलं.

"साहेब," तो म्हणाला, "लहान आहे हो ती. अभ्यास असतो तिचा."

"बघू," साहेब म्हणाले.

आणि त्याने तोंड मिटलं.

बाई गोणपाट घेऊन चिंगीसमोर आल्या. चिंगीने त्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "मी नाही घालणार."

"अगं, पण नियम..."

"मी नाही घालणार म्हटलं ना."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी कार्यवाहांकडे, कार्यवाहांनी सरांकडे. या परिस्थितीत काय करायचं, याची कुणालाच कल्पना नव्हती. वेठबिगाराने असं नुसतं नाही म्हटल्याचा पुरावा कुणी कधी पाहिलाच नव्हता. बाई थोडा वेळ गोणपाट धरून उभ्या राहिल्या, मग त्यांनी ते घडी करून ठेवलं. बस्स. एवढंच झालं. ना आभाळ कोसळलं, ना कुणाची नोकरी गेली. घोड्याने तेवढी शेपटी हलवली.

चिंगीने पुढे होऊन खोड्याची वरची फळी एका हाताने उचलली. ती सहज निघाली.

"बाबा, हे उघडंच आहे! चल, घरी जाऊ."

"माहीत आहे गं," जावक हळूच म्हणाला.

"मग ऊठ ना."

"पाच वाजेपर्यंत असतं. तू हो पुढे, आई वाट बघत असेल."

"बाबा, कुलूप नाहीये."

"हळू बोल, साहेब बघतायत." त्याची मान तशीच फळीच्या खाचेत होती, हात हातांच्या जागी. "चिंगे, तेवढी फळी खाली कर, बाळा. माझे हात आत आहेत."

चिंगी त्याच्याकडे बघत राहिली. पूर्वेच्या सरदाराकडे तिने ज्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते हे डोळे नव्हेत, हे त्याला चष्म्याशिवायही दिसलं. तिने फळी नीट, जपून, त्याच्या मानेला लागणार नाही अशी खाली केली. मग चार पावलं मागे गेली, सलगम उजव्या हातात घेतला आणि मारला. सगळा जीव लावून मारला. त्या दिवशी जावकला पुष्कळ सलगम लागले होते, पण रडू आलं ते याच एकाला. गर्दीने शिट्ट्या मारल्या. सरांनी पूर्ण गुण दिले.

तुम्ही होतात की त्या दिवशी. दुसऱ्या ओळीत, फोन वर करून. परत जाताना गाडीत बायकोला म्हणालात, "काय माणूस आहे! फळी उघडी, पोरगी बोलावतेय, आणि हा उठत नाही. अशा माणसाला लाज कशी वाटत नाही?" तेवढ्यात तुमचा फोन वाजला. नाव बघून तुम्ही गाडी कडेला घेतली, गाणं बंद केलं, मागच्या पोराला गप्प राहा म्हणून खूण केली, सदरा ओढून सारखा केला आणि ताठ बसून म्हणालात, "हो साहेब. नाही साहेब, कसलं काम, मोकळाच आहे. येतो ना, लगेच येतो."

रविवार होता.